चालू गाडी

गल्लीतली सगळी माणसं तिला काकू म्हणायची. जी तिच्याहून वयाने थोरली होती तीसुद्धा. शिवणकाम करणाऱ्या बाईला असं एखादं नातं चिकटतंच. जी आपल्या अंगाची मापं घेते तिला परकी ठेवून चालत नाही.

काकूच्या दुकानामागे पत्र्याची शेड होती, आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली तिच्या नवऱ्याची जुनी जीप उभी होती. नवरा नव्हता. कोणा नवख्याने त्याच्याविषयी विचारलं, तर काकू ओठांतल्या टाचण्या न काढताच म्हणायची, "तो माणूस गेला." गेला म्हणजे वारला की निघून गेला, हे विचारायची पुढे कोणाची छाती व्हायची नाही. गल्लीला ठाऊक होतं. निघून गेला.

तो पंप दुरुस्त करायचा. खाणीतले, मळ्यांवरचे, जिथे रस्ता संपतो तिथले. त्यासाठीच ती चारी चाकांना जोर असलेली जीप घेतलेली. आधीच्या कोणा हौशी मालकाने तिला एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले होते, आणि त्या दोघांचं जन्मात कधी जुळलं नाही. एकाला पेट्रोल जास्त व्हायचं, तर दुसऱ्याच्या घशाला कोरड पडायची. "दोन सवती आहेत," तो म्हणायचा. "एकीची समजूत काढली की दुसरी फुगून बसते." लग्न झाल्यापासून सीटवर बसून पाय द्यायचं काम काकूकडे होतं. तो बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडालेला असायचा आणि आतून ओरडायचा, "दे!" की काकू ॲक्सिलरेटर दाबायची. "सोड!" की सोडायची. लेक मांडीवर असली तरी हेच. नवराबायकोची निम्मी बोलणी या दोन शब्दांत झाली म्हटलं तरी चालेल.

मग एके दिवशी खाणीतला पंप बघायला म्हणून तो गेला आणि आलाच नाही. गाडी सापडली कोरड्या नदीच्या पात्रात. बॉनेट नीट लावलेलं, चावी सीटखाली, हत्यारांची पिशवी मागच्या बाकावर. गाडी आणायला काकूचा थोरला भाऊ गेला. तो फिटर होता. त्याला झाडून सगळे मामा म्हणायचे, आणि गाडी त्याच्या हवाली करताना गिऱ्हाइकं हमखास म्हणायची, "मामा, तेवढं आम्हाला मामा बनवू नका."

मामाने चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. पाय दिला की काळा धूर ओकून गुदमरत होती, पण धूर तर ती एरवीही ओकायची. त्यापायी त्याने कधी गाडी टाकून दिली नव्हती. मामाने पायच दिला नाही. पहिल्या गिअरमध्ये, रांगत रांगत, तिला घरी आणली. सगळ्या गल्लीने पाहिलं. गाडी आपल्या पायांनी घरी आली, माणूस आला नाही.

"गाडीला काही झालं नव्हतं," मामा म्हणाला. "चालू गाडी सोडून गेलाय तो. हत्यारंसुद्धा टाकून गेला. म्हणजे धंद्यावरही पाणी सोडलं."

खाणीवर जेवण रांधणारी एक बाई त्याच सुमारास कुठेशी निघून गेली होती. ते कोणीतरी आणून याला जोडलं. दोन तुकडे जुळले, शिवण बसली. पोलिसांनी बसस्टँडवर विचारलं, रेल्वे स्टेशनवर विचारलं, कारण पळून जाणारा माणूस तिथूनच जातो. काकूने रडणं आवरतं घेतलं. त्याचे शर्ट उसवले आणि त्या कापडाचे खिसे करून गिऱ्हाइकांच्या कोटांना आतून लावले. त्या हिवाळ्यात अर्धीअधिक गल्ली त्याच्या शर्टात हात घालून फिरत होती, आणि कोणाला पत्ता नव्हता.

गाडी मात्र तिने विकली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वर्षातून एकदा मामा यायचा, बॅटरी जोडायचा, इंजिन जाम होऊ नये म्हणून थोडा वेळ ते नुसतं चालू ठेवायचा आणि पुन्हा ताडपत्री ओढून जायचा. त्या वेळी काकू दुकानाचं मागचं दार लावून घ्यायची आणि शिलाई मशीन भरधाव सोडायची. तरी ऐकू यायचंच. दर वर्षी गाडी सुरू व्हायची, आणि दर वर्षी तो माणूस नव्याने पळून जायचा.

लेक मोठी झाली, मधमाश्या पाळायला लागली. घरात तिला माशीच म्हणायचे. एकदा डोक्यात काही बसलं की तिथून उठायची नाही. एका सकाळी ती म्हणाली, "आई, डोंगरावर फुलोरा आलाय. पेट्या वर न्यायला मला गाडी लागेल. आपली जीप काढू या."

"भंगारात घाल तिला."

"भंगारात घालायची होती तर इतकी वर्षं झाकून का ठेवलीस?"

काकूने सुईत दोरा ओवायला घेतला. डोळ्याला नेढं दिसत होतं, दोरा जात नव्हता.

मामाचं म्हणणं पडलं की इंजिन ठणठणीत आहे, रोग काय तो कार्बोरेटरांचा. दोन्ही काढून एकच नवा बसवावा, म्हणजे डोंगर चढताना दगा नाही. "दोन सवतींना माहेरी धाडू आणि एक शहाणी सून आणू," तो म्हणाला. माशी हसली. काकूच्या हातातली कात्री कापडातच थांबली. सवतींची ती थट्टा दुसऱ्या कोणाची होती.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून तिघं शेडमध्ये गेली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या. माशीने ताडपत्री ओढली तसा धुळीचा लोट उठला, आणि त्या धुळीतून पेट्रोलचा वास आला. टाकीत तर थेंब नव्हता. मामाने आणलेला डबा अजून बंद होता.

"जुन्या गाडीला वास असतोच," मामा म्हणाला.

नवा कार्बोरेटर खोक्यात वाट बघत होता. पण मामाला आधी इंजिनाचा श्वास बघायचा होता. "माशी, तू माझ्याजवळ थांब. तू बस गं सीटवर," तो बहिणीला म्हणाला. "पाय द्यायला."

"मी नाही."

"तुझ्याइतकं कोणाला जमतंय?"

काकू चढून बसली. सीटला एक खड्डा पडलेला होता, तिच्या अंगाचा नव्हे, रुंद. ती त्यात घसरली आणि तिथून तिला हलता येईना. मामाने टाकीत पेट्रोल ओतलं, बॅटरी जोडली आणि चावी फिरवायला सांगितली. गाडी थोडी खोकली आणि लागली. संथ, एका लयीत. खोटं बोलणारा माणूस बोलतो ना, न अडखळता, तशी.

"दे!" मामा बॉनेटमधून ओरडला.

तिने पाय दिला. इंजिन गुदमरलं, मागून काळा धूर निघाला. "सोड!" तिने सोडला, इंजिन पुन्हा संथ झालं. असं बरेचदा झालं. दे, सोड. दे, सोड. डोकं कशात नव्हतं, पाय आपला ऐकत होता. मध्येच "सोड" ऐकून तिने पाय काढला, तर मामा डोकं वर काढून म्हणाला, "अगं, सोडलंस का? मी कुठे म्हटलं?"

"म्हणालास की."

"आई," माशी म्हणाली, "कोणी काही म्हणालं नाही."

मामाने बॉनेटच्या कडेवर हात पुसले. मग त्याने एक रबरी नळी घेतली. तिचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं की आत जाणारा वारा ऐकू येतो. त्यावरून दोघांचं किती बिनसलंय ते कळतं. माशीने ऐकलं, तिला गंमत वाटली. "ये ना, तू पण ऐक." काकू उतरली. पहिल्यात वारा सरळ वाहत होता. दुसऱ्याला नळी लावली तर तो मध्येच थांबत होता, आणि पुन्हा आत ओढला जात होता. कमरेत वाकून फार वेळ काम केलं की माणूस दमतो आणि तोंडाने श्वास घेतो, तसा.

काकूने नळी खाली ठेवली. "बंद कर," ती म्हणाली. "काढ ते दोन्ही. आत्ताच्या आत्ता काढ."

मामाने दोन्ही कार्बोरेटर उतरवून फळीवर मांडले आणि नव्यासाठी बैठक साफ करायला वळला. माशीला चैन पडेना. तिने जुन्यांशी चाळा सुरू केला. पहिल्याच्या खालची वाटी उघडायला पाना लावला तरी स्क्रू जागचा हलला नाही. दुसऱ्याला तिने सहज बोट लावलं.

"मामा, हे स्क्रू तर नुसत्या हाताने फिरतायत."

"फिरू देत. फेकायचेच आहेत."

"एका वाटीचे इतके आवळलेले आणि दुसरीचे हाताने लावलेले?"

मामाचे हात थांबले. माशीने तोवर वाटी काढली होती. आतलं पेट्रोल सांडलं. तळाशी जुनी तपकिरी खळ चिकटलेली होती. मधोमध, जिथे जेट असायला हवं, तिथे नुसतं आटे पाडलेलं भोक होतं. जेट म्हणजे पितळेचा लहानसा स्क्रू, त्याच्या पोटात सुईच्या टोकाएवढं छिद्र. त्यातूनच पेट्रोल मोजून इंजिनात जातं. ते नसलं की पाय देताच पेट्रोल धो धो आत येतं, आणि गाडी गुदमरते.

"पडलं असेल," मामा म्हणाला.

"बंद वाटीतून कुठे पडेल?" माशीने विचारलं.

काकूने ती वाटी हातात घेतली. हे तिने किती वेळा पाहिलं होतं. काम अर्धं टाकून तो जेवायला आत यायचा, तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून झाकणं बोटांनीच लावून यायचा. एकदा तिने विचारलंही होतं, पाना का नाही लावला म्हणून. "परत जाऊन खोलायचंच आहे की," तो म्हणाला होता. "कशाला आवळायचं?"

"जेट काढून घेतलं," काकू म्हणाली. तिचा आवाज अगदी हिशेबाचा होता, लांबी-रुंदी सांगावी तसा. "वाटी हाताने लावली. बॉनेट लावलं. चावी सीटखाली ठेवली. तेच मापाला घेऊन नवं जेट आणायला गेले. येऊन बसवणार होते. म्हणून हत्यारं ठेवून गेले."

माशीने आईकडे पाहिलं. आईला त्या माणसाविषयी असं आदराने, "गेले" म्हणून, बोलताना तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"पण गाडी तेव्हा सुरू झाली होती गं," मामा म्हणाला. "मी स्वतः चावी फिरवली. सुरू झाली होती."

"आत्ताही झाली की."

जागच्या जागी नुसतं चालू राहायला इंजिनाला ते जेट लागत नाही. तेवढ्या पेट्रोलचा रस्ता वेगळा असतो. पाय दिला की मगच ते लागतं. हे मामाला माहीत नव्हतं असं नाही. फिटर होता तो. पण चालत्या इंजिनाला खोलायचं नाही हा त्याचा नेम होता, आणि ते इंजिन त्याच्यासमोर दर वर्षी चालत होतं.

"कुठे गेले असतील?" माशीने विचारलं. तिच्याही तोंडून आता तसंच आलं.

काकूला विचार करावा लागला नाही. नदीच्या पात्रापासून पलीकडच्या बाजारपेठेत जायला सडकेने मोठा वळसा पडायचा. पण दुसऱ्या एका जुन्या, बंद खाणीच्या कडेवरून एक पायवाट होती. गाडी नादुरुस्त झाली की तो त्या वाटेने जाऊन सामान आणायचा, आणि घरी येऊन फुशारकी मारायचा की सडकेने जाणारा अर्ध्यात असेल तेवढ्यात मी परत येतो. त्या वाटेवर कोणी शोधलंच नव्हतं. पळून जाणारा माणूस त्या वाटेने कशाला जाईल?

मामाने त्याच दिवशी नवा कार्बोरेटर बसवला. गॅस्केट ठेवली, नट आवळले, पुन्हा आवळले, आणि तिसऱ्यांदा पाना लावला तेव्हा माशीने तो त्याच्या हातातून काढून घेतला. गाडी सुरू झाली. पाय दिला तर दिला तेवढी बोलली, धूर नाही, खोकला नाही. असं निरोगी इंजिन ऐकून आनंद व्हायला हवा. तिघांनाही ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाली. माशी चालवत होती. मामा मागच्या बाकावर बसला, पुढे ये म्हटलं तरी आला नाही. नदीच्या पात्रात उतरताना काकूने दोन्ही हातांनी सीटची कड धरली. तिला वाटत होतं, इथे ही थांबणार. गाडी थांबली नाही. वाळूतून सरळ पलीकडे गेली आणि चढाला लागली. तेव्हा काकूच म्हणाली, "थांबव. इथून चालत."

पायवाट झुडपांत बुजली होती, पण पायांना चाहूल लागते. चढून वर आल्यावर जुनी खाण दिसली, आणि वाट मध्येच संपलेली दिसली. कडा कोसळलेला होता. वरपासून तळापर्यंत दगडांचा उतार, मधूनमधून उगवलेली झाडं, चांगली माणसाच्या उंचीच्या वर गेलेली. खाली एक म्हातारा शेळ्या चारत होता. माशीने त्याला हाक मारून विचारलं, हा कडा कधी पडला.

"लई वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. "पोर, तू एवढीशी असशील." त्याने हाताने उंची दाखवली. "नदी कोरडी होती त्या साली. मोठा आवाज झाला. आम्ही लांबून बघितलं, नुसती धूळ."

"खाली कोणी नव्हतं ना?"

"कोण असणार? खाण तर बंद होती. कोणाचं माणूस हरवलंय असं विचारत कोणी आलंच नाही."

काकू एका दगडावर बसली. ऊन स्वच्छ होतं, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. आणि मामा उतारावर गेला. त्याने एक दगड उचलला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. मोठा दगड आला तर त्याला खांदा लावायचा, हलला नाही की त्याच्या शेजारचा घ्यायचा. माशी त्याला थांबवायला निघाली, तशी काकूने तिचा हात धरला. "करू दे." बराच वेळ तो तसाच करत राहिला. बोटांतून रक्त यायला लागलं. उताराला काही फरक पडला नव्हता. तेव्हा काकू उठून त्याच्याजवळ गेली.

"दादा, पुरे."

"मी वाटी उघडायला हवी होती गं."

"पुरे म्हटलं ना."

पुढे पोलीस कचेरीत कळवलं. साहेब आला, उतारासमोर उभा राहून त्याने टोपी काढली, आणि सभ्यपणे सांगितलं की नुसत्या अंदाजावर एवढा डोंगर हलवता येणार नाही. शिवाय दगड काढायला गेलं तर वरचा उरलेला कडाही यायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. काकूने मान डोलावली. जे तिथे आहे ते तिथेच राहिलं.

खरी गोष्ट यानंतरची आहे. जो सोडून जातो त्याचं भूत होत नाही. त्याचा राग येतो आणि रागाने घर बंद राहतं. इतकी वर्षं काकूचं घर तसं घट्ट बंद होतं. आता ते उघडलं होतं. काकू मशीनवर बसायची, पायाने पट्टी हाणायची, आणि लांब शिवण चालू असताना पाय आपोआप थांबायचा, कोणी "सोड" म्हटल्यासारखा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं काकू?" ती म्हणायची, "दोरा बघते." दोरा नीटच असायचा. भर दुपारी, रस्त्यावर माणसं येत-जात असताना, मागच्या दारात कोणी उभं असल्यासारखं उजेड कमी व्हायचा. तिला भीती वाटायची नाही. पण मेलेल्या माणसासाठी रडायचं राहून गेलं होतं, ते आता रोज थोडं थोडं करावं लागत होतं. ती ते कापड मोजता मोजता करायची.

माशी पेट्या घेऊन डोंगरावर गेली. जीप कधी अडली नाही. "लोण्यासारखी चालते," ती फोनवर सांगायची, आणि काकू लगेच पेट्यांचं विचारायची.

मामाचं मात्र बिनसलं. कोणी ब्रेक दाखवायला गाडी आणली तरी तो आधी कार्बोरेटर खोलायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. "मामा, इंजिन चालतंय की हो! त्याला कशाला हात लावता?" मामा म्हणायचा, "चालतंय, म्हणूनच." वाटी उतरवून, आतलं जेट बोटाने चाचपून मगच त्याचा जीव खाली पडायचा. हळूहळू लोक गाड्या दुसरीकडे न्यायला लागले. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो काकूकडे जेवायला येऊ लागला. आधी वर्षाकाठी एकदा यायचा. भाऊ-बहीण दुकानामागच्या खोलीत, शेडकडचं दार उघडं टाकून, समोरासमोर बसायची. एका दुपारी त्याने घास हातातच ठेवून विचारलं, "ते येतात का गं तुझ्याकडे?"

काकूने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "येतात."

"काय म्हणतात?"

"काही नाही. नुसते उभे असतात. हात पुसायला फडकं मागायला आल्यासारखे."

मामा ताटाकडे बघत राहिला. "माझ्याकडे येत नाहीत," तो म्हणाला. "मी वाट बघतो, एवढी इंजिनं उघडतो. एकदा पाठव त्यांना माझ्याकडे."

काकूच्या मनात त्याला बोलायचं खूप होतं. त्या पहिल्या दिवसाचं होतं, मधल्या सगळ्या वर्षांचं होतं. उसवलेल्या शर्टांचंही होतं. मग तिला त्याची बोटं दिसली, खाणीतल्या जखमांनी नखं काळी पडलेली.

"सांगून बघते," ती म्हणाली. "ऐकतील असं नाही. माझं त्यांनी कधी ऐकलंय?"

मामाला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं. काकूने त्याच्या ताटात आणखी वाढलं. बाहेर कोणाचीतरी गाडी सुरू होत होती, होत नव्हती. दारातला उजेड किंचित कमी झाला. मामाने मान वर केली नाही. काकूने आपलं स्टूल बाजूला ओढलं, आत येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून, आणि पुन्हा जेवायला लागली.